स्प्रिंगमध्ये मेथड अडवली जात नाही तेव्हा

स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये मेथडवर '@ट्रान्झॅक्शनल', '@कॅशेबल' किंवा '@असिंक' असे अ‍ॅनोटेशन लिहिले, की त्या मेथडचा प्रत्येक कॉल वाटेत अडवला जाईल आणि तिच्या आधीचे व नंतरचे काम फ्रेमवर्क करील, अशी अपेक्षा असते. यालाच मेथड इंटरसेप्शन म्हणतात. ते बिघडते तेव्हा बहुतेक वेळा काहीच मोडलेले दिसत नाही. कोड कंपाइल होतो, सर्व्हर चालू होतो, मेथड आपले काम करते. फक्त तिच्याभोवतीचे काम होत नाही. एका खात्यातून रक्कम वजा होते, दुसऱ्या खात्यात जमा करताना एरर येते आणि वजावटीची नोंद तशीच राहून जाते. ट्रान्झॅक्शन परत फिरवले गेले नाही, कारण ते सुरूच झाले नव्हते. मूक राहणारा हा दोष मोठ्याने कोसळणाऱ्या दोषापेक्षा अधिक घातक असतो. तो एरर मेसेजवरून सापडत नाही. यंत्रणेची बांधणी समजून घेऊन एकेक कडी तपासावी लागते.

अ‍ॅनोटेशन स्वतः काहीही करत नाही. ती क्लासवर ठेवलेली खूण असते आणि ती वाचणारा दुसराच कोणी असतो. कंटेनर बीन तयार करतो, तिला लागणाऱ्या डिपेंडन्सी पुरवतो आणि मग ती 'बीन पोस्ट-प्रोसेसर' या घटकांच्या हाती देतो. त्यांतला एक घटक, या क्लासच्या कोणत्या मेथडला कोणता अ‍ॅडव्हायझर लागू होतो हे पाहतो. एखादा लागू होत असेल, तर मूळ ऑब्जेक्टभोवती प्रॉक्सी बांधली जाते आणि त्यापुढे त्या बीनच्या नावाने सर्वांना प्रॉक्सीच मिळते. प्रॉक्सी बांधण्याच्या दोन रीती आहेत. जावाच्या १.३ आवृत्तीपासून असलेली डायनॅमिक प्रॉक्सी फक्त इंटरफेसवर चालते. सीजीलिबची प्रॉक्सी मूळ क्लासचा उपक्लास तयार करते. मूळ स्प्रिंगमध्ये क्लासने इंटरफेस घेतला असेल तर पहिली रीत वापरली जाते. २०१८ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट २.० पासून मात्र सीजीलिब ही ठरलेली रीत झाली. रीत कोणतीही असो, प्रॉक्सी आणि मूळ ऑब्जेक्ट ही दोन वेगळी ऑब्जेक्ट असतात. पुढे येणाऱ्या निम्म्याअधिक बिघाडांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

तपासाची सुरुवात ऑब्जेक्ट कोणी बनवले या प्रश्नाने करावी. 'न्यू' लिहून हाताने बनवलेल्या ऑब्जेक्टची कंटेनरला खबरही नसते. त्याच्यावर कितीही अ‍ॅनोटेशन असली तरी प्रॉक्सी होत नाही. फॅक्टरी क्लास, जुने स्टॅटिक हेल्पर, जेसनमधून तयार होणारी ऑब्जेक्ट आणि जेपीएच्या एंटिटी यांत हा प्रकार विशेष आढळतो. युनिट टेस्टमध्ये मॉकिटोच्या '@इंजेक्टमॉक्स'ने बनलेले ऑब्जेक्टही कंटेनरच्या बाहेरचे असते, त्यामुळे तिथे ट्रान्झॅक्शन दिसले नाही तर तो दोष नव्हे. जुन्या वेब अ‍ॅप्लिकेशनांत आणखी एक सापळा असतो: मुख्य कॉन्टेक्स्ट आणि डिस्पॅचर सर्व्हलेटचा कॉन्टेक्स्ट असे दोन कंटेनर असतात आणि दोन्ही एकच पॅकेज स्कॅन करतात. मग एकाच सर्व्हिसच्या दोन बीन तयार होतात, एक प्रॉक्सीसह आणि एक उघडी. कंट्रोलरच्या वाट्याला नेमकी उघडी येते. अशा वेळी सर्व्हलेटच्या कॉन्टेक्स्टला फक्त कंट्रोलर स्कॅन करू द्यावेत.

ऑब्जेक्ट कंटेनरचेच आहे हे ठरल्यावर ते प्रॉक्सी आहे का, हे पाहावे. कॉल जिथून निघतो त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून, इंजेक्ट झालेल्या फील्डचा खरा क्लास डीबगरमध्ये बघावा. स्प्रिंग ६ मध्ये त्याच्या नावात '$$स्प्रिंगसीजीलिब$$' असे दिसते, जुन्या आवृत्त्यांत '$$एन्हान्सरबायस्प्रिंगसीजीलिब$$', आणि डायनॅमिक प्रॉक्सी असेल तर '$प्रॉक्सी' व पुढे क्रमांक. केवळ नावावर मात्र विसंबू नये. '@कॉन्फिगरेशन'चे क्लासही सीजीलिबने वाढवलेले असतात, पण त्यांच्याभोवती इंटरसेप्टर असतोच असे नाही. 'एओपीयूटिल्स' या क्लासची 'इजएओपीप्रॉक्सी' ही मेथड खात्रीचे उत्तर देते. त्यापुढची पायरी फार थोडे लोक वापरतात आणि ती सर्वांत उपयोगी आहे: स्प्रिंगची प्रॉक्सी 'अ‍ॅडव्हाइज्ड' हा इंटरफेस घेते, बीन त्या प्रकारात बदलून 'गेटअ‍ॅडव्हायझर्स' ही मेथड बोलावली, की त्या प्रॉक्सीवर नेमके कोणते अ‍ॅडव्हायझर कोणत्या क्रमाने बसले आहेत ते दिसते. ट्रान्झॅक्शनचा अ‍ॅडव्हायझर त्या यादीत नसेल तर दोष जुळणीत आहे. यादीत असेल, तर कॉल प्रॉक्सीपर्यंत पोहोचत नाही किंवा पोहोचूनही परिणाम वेगळा होतो. तपास इथे दोन वाटांनी फुटतो, म्हणून हे उत्तर हाती येण्याआधी कोडमध्ये बदल करत सुटू नये.

अ‍ॅडव्हायझर यादीत नसण्याची कारणे बहुधा साधी असतात. सुविधा चालूच केलेली नसते. स्प्रिंग बूट ट्रान्झॅक्शनची सोय आपोआप करतो, पण '@असिंक'साठी '@एनेबलअसिंक' आणि कॅशसाठी '@एनेबलकॅशिंग' लिहावेच लागते. स्वतःचा अ‍ॅस्पेक्ट लिहिला असेल तर '@अ‍ॅस्पेक्ट' एवढे पुरत नाही. तो क्लास कंटेनरला बीन म्हणूनही माहीत असावा लागतो, म्हणजे बहुतेक वेळा '@कंपोनंट'ही लागते. इम्पोर्टची ओळही नीट वाचावी. स्प्रिंग ६ पासून जावाएक्सची जागा जकार्ताने घेतली आणि जावाएक्स पॅकेजातले जुने '@ट्रान्झॅक्शनल' स्प्रिंगला ओळखू येईनासे झाले. जुनी जार क्लासपाथवर राहिली असेल तर कंपाइलर तक्रार करत नाही आणि अ‍ॅनोटेशन नुसते शोभेला उरते.

पॉइंटकटमधल्या चुकाही मूक असतात. 'एक्झिक्यूशन' पॉइंटकटात पॅकेजचे नाव चुकले तर एरर येत नाही. त्याला जुळणारे काहीच सापडत नाही, इतकेच. पॅकेजनंतर एक टिंब लिहिले तर त्याच पॅकेजमधले क्लास धरले जातात, उपपॅकेजांसाठी दोन टिंबे लागतात. स्वतःचे अ‍ॅनोटेशन बनवताना त्याची रिटेन्शन 'रनटाइम' ठेवायला विसरले, तर जावाच्या ठरलेल्या नियमाप्रमाणे ते क्लास फाइलपर्यंत टिकते आणि प्रोग्रॅम चालताना वाचता येत नाही. अ‍ॅनोटेशन इंटरफेसमधल्या मेथडवर लिहिले आणि पॉइंटकट '@अ‍ॅनोटेशन' प्रकारचा असला, तरी ते सापडत नाही, कारण जावात मेथडवरची अ‍ॅनोटेशन वारशाने खाली येत नाहीत. स्प्रिंगचे स्वतःचे '@ट्रान्झॅक्शनल' इंटरफेसमध्येही शोधले जाते; त्यामुळे आपल्या अ‍ॅनोटेशनलाही तीच सवलत आहे असा समज होतो आणि तिथेच गफलत होते.

आता दुसरी वाट: प्रॉक्सी आहे, अ‍ॅडव्हायझर आहे, तरी इंटरसेप्टर चालत नाही. याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे क्लासने स्वतःच्याच मेथडला केलेला कॉल. खात्यांच्या सर्व्हिसमध्ये 'सर्वव्यवहारकर' ही मेथड यादीवर फिरते आणि प्रत्येक नोंदीसाठी त्याच क्लासमधली '@ट्रान्झॅक्शनल' असलेली 'रक्कमहलव' ही मेथड बोलावते. बाहेरून 'सर्वव्यवहारकर' बोलावली तेव्हा कॉल प्रॉक्सीतून गेला. त्या मेथडवर अ‍ॅनोटेशन नसल्याने प्रॉक्सीने तो सरळ मूळ ऑब्जेक्टकडे सोपवला. तिथून पुढे 'रक्कमहलव'चा कॉल 'धिस'वर होतो आणि 'धिस' म्हणजे मूळ ऑब्जेक्ट, प्रॉक्सी नव्हे. वाड्याच्या दिंडीदरवाजावरचा पहारेकरी बाहेरून येणाऱ्याला अडवतो, पण माजघरातून स्वयंपाकघरात जाणारा त्याच्या नजरेसही पडत नाही. तसेच इथे होते. '@असिंक' असलेली मेथड अशी बोलावली तर ती त्याच थ्रेडवर चालते, '@कॅशेबल' असेल तर दर वेळी डेटाबेसला हाक जाते. याच प्रकारचे एक फसवे रूप म्हणजे बाहेरच्या मेथडवर '@ट्रान्झॅक्शनल' असणे आणि आतल्या मेथडवर 'रिक्वायर्स न्यू' लिहिलेले असणे. ट्रान्झॅक्शन चालू दिसते, म्हणून शंका येत नाही. पण आतल्या मेथडसाठी नवे ट्रान्झॅक्शन सुरू होतच नाही आणि एका नोंदीच्या चुकीने सगळी यादी मागे फिरते.

हे ओळखायला स्टॅक ट्रेस पुरतो. 'रक्कमहलव'च्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावावा. तिच्या लगेच खाली 'सर्वव्यवहारकर'ची चौकट दिसली आणि मध्ये 'ट्रान्झॅक्शनइंटरसेप्टर' किंवा 'सीजीलिबएओपीप्रॉक्सी' यांच्या चौकटी नसल्या, तर कॉल प्रॉक्सी टाळून आला आहे. डीबगर लावता येत नसेल तर मेथडच्या आत 'ट्रान्झॅक्शनसिंक्रोनायझेशनमॅनेजर'ला सध्या ट्रान्झॅक्शन चालू आहे का आणि त्याचे नाव काय, हे विचारून उत्तर लॉग करावे. स्प्रिंग त्या नावात ट्रान्झॅक्शन सुरू करणारा क्लास आणि मेथड नोंदवते, त्यामुळे 'रिक्वायर्स न्यू'चा वरचा घोळ एका ओळीत उघड होतो. 'ओआरजी.स्प्रिंगफ्रेमवर्क.ट्रान्झॅक्शन.इंटरसेप्टर' या लॉगरची पातळी 'ट्रेस' केली, तर ट्रान्झॅक्शन सुरू होताना आणि संपताना प्रत्येक मेथडचे नाव लॉगमध्ये उमटते. जी मेथड अडवली जायला हवी होती तिचे नाव तिथे नसणे हाच पुरावा.

उपाय अनेक आहेत आणि ते सारख्या मोलाचे नाहीत. सर्वांत चांगला उपाय म्हणजे आतली मेथड वेगळ्या बीनमध्ये नेणे. ज्या कामाला स्वतःचे ट्रान्झॅक्शन लागते ते काम बहुतेक वेळा वेगळ्या क्लासच्या लायकीचे असतेच. ते जमत नसेल तर 'ट्रान्झॅक्शनटेम्प्लेट' वापरून ट्रान्झॅक्शनची सीमा कोडमध्येच उघडपणे लिहावी. वाचणाऱ्याला ती दिसते आणि प्रॉक्सीचा प्रश्नच उरत नाही. बीनमध्ये तिचीच प्रॉक्सी '@लेझी'ने इंजेक्ट करून घेणे चालते, पण नव्या माणसाला ते कोडे वाटते आणि कोणीतरी 'अनावश्यक' म्हणून ते काढून टाकतो. 'एओपीकॉन्टेक्स्ट'मधून चालू प्रॉक्सी मागणे, त्यासाठी 'एक्सपोझप्रॉक्सी' चालू ठेवणे, हा शेवटचा पर्याय समजावा; त्याने व्यवसायाचा कोड फ्रेमवर्कला जखडला जातो. अ‍ॅस्पेक्टजेची विव्हिंग वापरली तर अ‍ॅडव्हाइस थेट बाइटकोडमध्ये विणला जातो, प्रॉक्सी लागत नाही आणि अंतर्गत कॉलसुद्धा अडवले जातात. मात्र बिल्डमध्ये वेगळा कंपाइलर किंवा चालवताना वेगळा एजंट येतो. एका सर्व्हिसमधल्या एका मेथडसाठी एवढा पसारा मांडू नये.

मेथड कशी लिहिली आहे यावरही बरेच अवलंबून असते. 'प्रायव्हेट' आणि 'स्टॅटिक' मेथड प्रॉक्सीला अडवता येत नाहीत. '@ट्रान्झॅक्शनल' पूर्वी फक्त पब्लिक मेथडवर मानले जाई, स्प्रिंग ६.० पासून सीजीलिब प्रॉक्सी असेल तर प्रोटेक्टेड आणि पॅकेजपुरत्या मेथडवरही ते चालते. क्लासच 'फायनल' असेल तर उपक्लास बनवता येत नाही आणि स्प्रिंग सुरू होतानाच स्पष्ट एरर देते. हा बिघाड निदान प्रामाणिक आहे. 'फायनल' मेथडचा बिघाड तसा नाही. सीजीलिबला ती ओव्हरराइड करता येत नाही, म्हणून ती प्रॉक्सीच्या ऑब्जेक्टवरच चालते. स्प्रिंग ४ पासून ही प्रॉक्सी ऑब्जेनेसिस वापरून, कन्स्ट्रक्टर न चालवता बनवली जाते, त्यामुळे तिच्या फील्डमध्ये काहीच भरलेले नसते. परिणामी ज्या रिपॉझिटरीचे इंजेक्शन व्यवस्थित झाले आहे, तीच त्या मेथडमध्ये 'नल' निघते. कोठून आली हे न कळणारी अशी 'नल पॉइंटर'ची एरर दिसली, की आधी 'फायनल' शब्द शोधावा. कंट्रोलरला प्रॉक्सी असेल आणि त्यातली रिक्वेस्ट हाताळणारी मेथड चुकून प्रायव्हेट राहिली असेल, तरी अगदी हेच घडते. कॉटलिनमध्ये क्लास आणि मेथड मुळात फायनल असतात. तिथे 'कॉटलिन-स्प्रिंग' हे कंपाइलर प्लगइन बिल्डमध्ये असल्याची खात्री करावी. ते स्प्रिंगची अ‍ॅनोटेशन असलेले क्लास खुले करते, पण आपण बनवलेल्या अ‍ॅनोटेशनसाठी वेगळी नोंद द्यावी लागते.

वेळेचा प्रश्न वेगळा आहे. '@पोस्टकन्स्ट्रक्ट' असलेली मेथड मूळ ऑब्जेक्टवर चालते आणि तेव्हा प्रॉक्सी अजून बांधलेली नसते. त्या मेथडवर '@ट्रान्झॅक्शनल' लिहिण्याला अर्थ नाही. सुरुवातीचा डेटा भरण्याचे काम 'अ‍ॅप्लिकेशनरेडीइव्हेंट' ऐकणाऱ्या मेथडमध्ये न्यावे. याहून अवघड प्रकार म्हणजे फार लवकर तयार झालेली बीन. एखाद्या बीन पोस्ट-प्रोसेसरला ती डिपेंडन्सी म्हणून लागली, तर प्रॉक्सी बांधणारा घटक तयार होण्यापूर्वीच ती जन्मते. सुरुवातीच्या लॉगमध्ये मग अमुक बीन सर्व पोस्ट-प्रोसेसरांकडून प्रक्रिया होण्यास पात्र नाही, अशा अर्थाची ओळ येते. ही ओळ जुन्या आवृत्त्यांत साध्या माहितीच्या पातळीवर छापली जात असल्याने शेकडो ओळींत हरवते; तिच्यात आपल्या बीनचे नाव आहे का हे मुद्दाम शोधावे. कॉन्फिगरेशन क्लासमध्ये पोस्ट-प्रोसेसर देणारी '@बीन' मेथड 'स्टॅटिक' केली, की बहुतेक वेळा हा गुंता सुटतो. न सुटल्यास त्या पोस्ट-प्रोसेसरच्या डिपेंडन्सी '@लेझी' कराव्यात.

डायनॅमिक प्रॉक्सीचा एक बिघाड मात्र मोठ्याने बोलतो. बीन इंटरफेसची प्रॉक्सी असते आणि इंजेक्शन मूळ क्लासच्या नावाने मागितलेले असते. मग बीन अपेक्षित प्रकारची नाही, ती '$प्रॉक्सी' निघाली, अशी एरर सुरू होतानाच येते. इंजेक्शन इंटरफेसने मागावे किंवा 'प्रॉक्सीटार्गेटक्लास' चालू करावे.

काही वेळा मेथड व्यवस्थित अडवली जाते, तरी हवा तो परिणाम होत नाही आणि दोष इंटरसेप्शनवर ढकलला जातो. स्प्रिंगच्या ठरलेल्या नियमाप्रमाणे 'रनटाइम एक्सेप्शन' आणि 'एरर' यांच्यामुळेच ट्रान्झॅक्शन मागे फिरते. चेक्ड एक्सेप्शन बाहेर पडले तर ट्रान्झॅक्शन कमिट होते. त्यासाठी 'रोलबॅकफॉर' लिहावे, स्प्रिंग ६.२ पासून हा नियम सर्व अ‍ॅप्लिकेशनसाठी एकदाच बदलता येतो. मेथडच्या आतच 'कॅच' करून एक्सेप्शन गिळले, तर इंटरसेप्टरला चूक झाल्याचे कळण्याचा मार्गच राहत नाही. दोन डेटाबेस असतील तर ट्रान्झॅक्शन मुख्य मॅनेजरवर उघडते आणि लिहिणे दुसऱ्याच डेटाबेसमध्ये होते. मायएसक्यूएलमधले जुने टेबल मायआयसॅम प्रकारचे असेल, तर त्याला रोलबॅक ठाऊकच नसतो. ट्रान्झॅक्शन थ्रेडला बांधलेले असते, म्हणून आतून पॅरलल स्ट्रीमवर पाठवलेले काम त्याच्या बाहेर पडते. स्वतः लिहिलेल्या 'अराउंड' अ‍ॅडव्हाइसमध्ये 'प्रोसीड' बोलावायचे राहिले तर मूळ मेथड चालतच नाही, आणि त्याचे उत्तर परत द्यायचे राहिले तर बोलावणाऱ्याला 'नल' मिळते.

क्रमाचा प्रश्न यांत सर्वांत कमी तपासला जातो. '@ऑर्डर'मधला आकडा जितका लहान, तितका अ‍ॅस्पेक्ट बाहेरच्या बाजूला. ट्रान्झॅक्शनचा अ‍ॅडव्हायझर मुळात सर्वांत आत असतो. आपल्या अ‍ॅस्पेक्टला क्रम दिलेला नसेल तर दोघांचे स्थान सारखे ठरते आणि कोण बाहेर राहील याची हमी नसते. पुन्हा प्रयत्न करणारा अ‍ॅस्पेक्ट ट्रान्झॅक्शनच्या आत गेला, तर सगळे प्रयत्न एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होतात. पोस्टग्रेएसक्यूएलवर पहिल्या एररनंतर ते ट्रान्झॅक्शन पुढची प्रत्येक आज्ञा नाकारते, म्हणून दुसरा आणि तिसरा प्रयत्न ठरलेलाच फसतो. प्रयत्न करणारा अ‍ॅस्पेक्ट बाहेर हवा, आणि तो तसा आहे हे मघाच्या 'गेटअ‍ॅडव्हायझर्स'च्या यादीवरून तपासावे.

स्प्रिंगचे हे नियम दुसऱ्या फ्रेमवर्कला जसेच्या तसे लावू नयेत. गूगलने २००७ मध्ये खुल्या केलेल्या ग्वीसमध्ये 'बाइंडइंटरसेप्टर'ला एक क्लासचा आणि एक मेथडचा मॅचर दिला जातो. तिथे वेगळे मूळ ऑब्जेक्ट नसते; ग्वीस उपक्लास बनवते आणि त्याचेच ऑब्जेक्ट वापरते. म्हणून क्लासने स्वतःच्या मेथडला केलेला कॉलही ग्वीसमध्ये अडवला जातो. उलट, ऑब्जेक्ट ग्वीसने कन्स्ट्रक्टरमधून स्वतः घडवलेले असणे ही तिथली सक्त अट आहे. 'टूइन्स्टन्स'ने दिलेले किंवा '@प्रोव्हाइड्स' मेथडने परत केलेले ऑब्जेक्ट इंजेक्ट होते, पण अडवले जात नाही. स्प्रिंगमध्ये '@बीन' मेथडने दिलेल्या ऑब्जेक्टला प्रॉक्सी मिळते, त्यामुळे स्प्रिंगहून ग्वीसकडे येणारे इथे हमखास अडखळतात. ग्वीसमध्ये इंटरसेप्टर मॉड्यूलमध्येच हाताने बनवला जातो; त्याला डिपेंडन्सी हव्या असतील तर 'रिक्वेस्टइंजेक्शन' बोलावणे आवश्यक असते, नाहीतर इंटरसेप्टर चालतो आणि आत 'नल' सापडते.

दोष दुरुस्त झाल्यावर त्यावर टेस्ट लिहावी आणि ती खऱ्या कंटेनरसह चालणारी असावी. टेस्टच्या मेथडवर '@ट्रान्झॅक्शनल' मात्र लिहू नये. तसे केले तर टेस्ट स्वतःचे ट्रान्झॅक्शन उघडते, सर्व्हिस त्यात सामील होते आणि प्रॉक्सी पूर्ण चुकलेली असली तरी आत विचारल्यावर ट्रान्झॅक्शन चालू असल्याचेच उत्तर मिळते. टेस्टने दुसऱ्या खात्यात जमा करताना मुद्दाम एक्सेप्शन फेकायला लावावे, सर्व्हिसची मेथड बाहेरून बोलावावी आणि ती संपल्यावर पहिल्या खात्याची शिल्लक डेटाबेसमधून पुन्हा वाचून ती बदललेली नाही हे तपासावे. त्यानंतर '@ट्रान्झॅक्शनल' तात्पुरते काढून टेस्ट पुन्हा चालवावी. ती तेव्हा नापास झाली, तरच ती इंटरसेप्शन तपासते असे म्हणता येते.